वाट आणि मुक्काम: सूक्ष्मजीवी रूपांतरणाचे विवेचन

भोपाळमध्ये राहून औषधनिर्मितीचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही: पदार्थ कोणत्या वाटेने तयार होतो? २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री इथे गळला तो मिथाइल आयसोसायनेट वायू. तो बाजारात जाणारा माल नव्हता. कीटकनाशक बनवण्याच्या वाटेवरचा मधला टप्पा होता. म्हणून कोणत्याही नव्या प्रक्रियेची पारख करताना मुक्कामाइतकीच वाटही तपासावी लागते.

१. व्याख्या. तयार रेणू जिवाणूच्या किंवा बुरशीच्या हवाली करायचा आणि त्यांच्या विकरांकडून त्यात नेमका बदल करून घ्यायचा, हे सूक्ष्मजीवी रूपांतरण. किण्वनात सूक्ष्मजीव साखरेसारख्या अन्नापासून पदार्थ स्वतः घडवतो. इथे सांगाडा आयता मिळतो; बदलायची असते ती एखादीच जागा.

२. उदाहरण. सातपुड्यात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात कळलावी फुलते. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, कडा कुरळ्या. पानाचे टोकच वळून शेजारच्या फांदीला धरते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. गाउटवर ते गुणकारी, पण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे. त्याच्या रेणूवर चार मिथॉक्सी गट आहेत. त्यांतल्या एकाचाच मिथाइल रासायनिक अभिक्रियेने काढणे कठीण. शेजारचेही सुटतात आणि हाती मिश्रण येते. बॅसिलस मेगाटेरियम हा मातीतला जिवाणू तिसऱ्या कार्बनची जागा अचूक ओळखतो. कोल्चिसिनमध्ये गंधक आणून केलेले थायोकोल्चिसिन त्याला दिले, की तिथल्या मिथाइलऐवजी तो ग्लुकोज जोडतो. स्नायू शिथिल करणारे थायोकोल्चिकोसाइड असे मिळते. कोल्चिसिन पेशीविभाजनातील तर्कू मोडते. जिवाणूत तर्कूच नसतो, म्हणून हे विष त्याला सोसते.

३. लाभ. १९५२ मध्ये अमेरिकेत पीटरसन आणि मरे यांनी ऱ्हायझोपस बुरशीकडून प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर एका टप्प्यात ऑक्सिजन बसवून घेतला. पित्ताम्लापासून कॉर्टिसोन करताना हेच काम लांबलचक आणि खर्चिक होते. पेनिसिलिनचेही तसेच. त्याची बाजूची साखळी रासायनिक रीतीने तोडायची तर उणे तापमान आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइड लागते; पेनिसिलिन असायलेज हे विकर तीच साखळी पाण्यात, अंगाच्या उबेइतक्या तापमानाला तोडते आणि नाजूक बीटा-लॅक्टम वलयाला धक्का लावत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ई. कोलाय जिवाणूतील या विकरावर बरेच काम झाले आहे.

४. मर्यादा. कळलावीचा कंद खणला की वेल गेली. कच्चा माल जंगलातून ओरबाडला, तर पुढच्या टप्प्याची शुद्धता अपुरी. बरेच रेणू पाण्यात कमी विरघळतात, उत्पादन वेगळे काढायला पुन्हा द्रावके लागतात. शिवाय बदललेला रेणू आपोआप निर्धोक होत नाही. थायोकोल्चिकोसाइडपासून शरीरात बनणारा एक घटक गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो, म्हणून २०१३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने या औषधाच्या वापरावर मर्यादा घालण्याची शिफारस केली.

५. निष्कर्ष. जिवाणू जागा अचूक निवडतो, पण त्या जागेवरचा बदल रुग्णाच्या हिताचा आहे का, हे त्याला ठाऊक नसते. ते तपासणे माणसाचे काम. तसेच प्रत्येक मधल्या टप्प्यावर कोणता पदार्थ साठतो, किती साठतो आणि तो सुटला तर आसपासच्या वस्तीचे काय होईल, याचा हिशेब कारखाना उभारण्याआधीच मांडला पाहिजे. भोपाळमध्ये तो न मांडल्याची किंमत लोकांनी मोजली आहे.