नवी पिकअप रेस दिल्यावर लगेच का उचलत नाही?

पिशोर (ता. कन्नड) : आले, मका भरून कन्नडचा औट्रम घाट चढताना नव्या डिझेल पिकअपला रेस दिली, तर ती क्षणभर दम खाऊन मग उचलते. बऱ्याचदा हा बिघाड नसतो.

जुन्या गाडीत रेसची तार पेडलपासून थेट डिझेल पंपाला जायची. बीएस-6 नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. या गाड्यांत पेडलला सेन्सर असतो. पाय किती दाबला ते तो इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. धूर वाढू नये म्हणून कॉम्प्युटर हवेच्या मानानेच डिझेल सोडतो. टर्बो फिरून पुरेशी हवा भरेपर्यंत जोर येत नाही. गाडी भरलेली असली की हा उशीर जास्त जाणवतो.

हे ध्यानात ठेवा :

- ओव्हरटेक करायच्या आधीच गिअर कमी करा. वरच्या गिअरात नुसती रेस दाबून उपयोग नाही. अशा इंजिनांचा जोर साधारण 1400 ते 2200 आरपीएममध्ये मिळतो.
- मालवाहू पिकअपला ताशी 80 किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर असतो. त्यापुढे गाडी पळणार नाही, हे धरूनच अंतर मोजा.
- कच्च्या रस्त्याच्या धुळीने एअर फिल्टर चोंदतो, तो वेळेवर तपासा.
- इंजिनचा दिवा लागून जोर एकदम कमी झाला, तर मात्र बिघाड समजा. गाडी बाजूला घ्या आणि मेकॅनिकला दाखवा.

समोरून वाहन दिसत असेल तर गाडी उचलेल या भरवशावर बाहेर काढू नका.