चित्रपुस्तकांद्वारे मूल्यशिक्षण

चित्रपुस्तकांद्वारे मूल्यशिक्षण म्हणजे चित्रे व मोजका मजकूर असलेल्या पुस्तकांच्या साहाय्याने लहान मुलांमध्ये दयाभाव, सहानुभूती आणि आशावादी वृत्ती रुजविण्याची पद्धती होय. ती मुख्यतः तीन ते आठ वर्षे वयोगटासाठी वापरली जाते. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तिला विशेष महत्त्व आहे.

स्वरूप

चित्रपुस्तकात कथेचा काही भाग चित्रच सांगते. त्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही पात्राचा चेहरा किंवा पुढे केलेला हात पाहून त्याची मनःस्थिती ओळखू शकते. दुसऱ्याची भावना ओळखणे ही दयाभावाची पहिली पायरी आहे. सकारात्मक विचार म्हणजे दुःख नाकारणे नव्हे. भीती, राग किंवा अपयश यांतून पात्र मार्ग कसा काढते, हे मूल पानागणिक पाहते. इसापनीतीच्या कथांत शेवटी तात्पर्य सांगण्याची प्रथा आहे. चित्रपुस्तकात ते बहुधा मुलाने स्वतः शोधायचे असते.

इतिहास

कोमेनियस यांचा 'ओर्बिस पिक्टस' (१६५८) हा मुलांसाठीच्या आरंभीच्या सचित्र पुस्तकांपैकी एक मानला जातो. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य केले. मराठीत लेखिका व चित्रकार माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांतील पुस्तके रोजच्या घरगुती प्रसंगांवर आधारलेली आहेत. त्यांचे 'चित्रवाचन' हे पुस्तक चित्रांचे निरीक्षण करून बोलण्यास वाव देते. 'प्रथम बुक्स' या २००४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हा मुक्त परवान्याचा मंच सुरू केला. त्यावरील कथांचा अनुवाद कोणालाही आपल्या भाषेत करता येतो.

नंदुरबार जिल्हा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी व गुजरी या भाषा जिल्ह्यात बोलल्या जातात. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवरील अनेक मुलांना प्रमाण मराठी शाळेत नव्याने शिकावी लागते. अशा मुलाला 'दया' हा शब्द अपरिचित असला, तरी पडलेल्या मित्राला उठविणाऱ्या मुलाचे चित्र समजते. त्यावर ते घरच्या भाषेत बोलू लागले की मराठी शब्द त्या अनुभवाला जोडता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून अध्यापनाची शिफारस केली आहे.

वाचनपद्धती

संवादी वाचनात प्रौढ व्यक्ती पुस्तक नुसते वाचून दाखवीत नाही, तर प्रश्न विचारते: 'याला काय वाटत असेल?', 'तू काय केले असतेस?' मुलाच्या उत्तराला चूक-बरोबर न ठरवता ते पुढे वाढविले जाते. एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणेही उपयुक्त असते. पहिल्या वेळी कथा कळते, पुढच्या वेळी पात्रांकडे लक्ष जाते.

मर्यादा

केवळ उपदेशासाठी रचलेली कथा मुलांना कंटाळवाणी वाटू शकते. रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना 'आरसे' आणि 'खिडक्या' अशी उपमा दिली. पाड्यावरील मुलाला पुस्तकांत फक्त शहरी घरेच दिसली, तर त्याला खिडकी मिळते, पण आरसा मिळत नाही. तसेच पुस्तकातील दयाभाव मोठ्यांच्या वागण्यात दिसला नाही, तर त्याचा प्रभाव टिकणे कठीण असते.

हे सुद्धा पहा

बालसाहित्य
अंगणवाडी
नंदुरबार जिल्हा