पाठकोऱ्या कागदाचा संसार

महाराष्ट्रात कागद, पुठ्ठा, फीत, चिंध्या आणि घरातले उरलेसुरले सामान यांतून घडणाऱ्या वस्तूंना प्राचीन परंपरा म्हणण्याची पद्धत आहे. परंतु आकाशकंदील, गणपतीचे मखर, हलव्याचे दागिने किंवा कागदाच्या लगद्याची टोपली या वस्तू आज ज्या रूपात ओळखीच्या आहेत ते रूप दीडशे वर्षांहून फार जुने असण्याचा संभव कमी आहे. याचे कारण कागदाच्या किमतीत सापडते. उरलेल्या कागदातून काही घडवायचे तर मुळात घरात कागद उरला पाहिजे, म्हणजे तो बऱ्यापैकी स्वस्त हवा. आणि उरलेला कागद फेकून न देता जपून ठेवावासा वाटला पाहिजे, म्हणजे तो अगदी कवडीमोलही असता कामा नये. या दोन अटी एकाच वेळी पुऱ्या होतील असा काळ मराठी घरांच्या वाट्याला साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांपर्यंत आला, आणि घरगुती कागदकामाचा खरा इतिहास तेवढ्याच काळाचा आहे.

त्याआधीचा कागद हाताने बनत असे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या परिसरातील कागजीपुरा हे कागद करणाऱ्यांचे गाव असून, चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हा हे कारागीर दख्खनेत आले असे परंपरेने मानले जाते. पश्चिम महाराष्ट्रात जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता. या कागदाचा कच्चा माल म्हणजे जुन्या चिंध्या, तागाची गोणपाटे आणि झिजलेली दोरखंडे. तो चुन्याच्या पाण्यात मुरवून कुटत, धुऊन त्याचा लगदा करत, हा लगदा पाण्याने भरलेल्या हौदात कालवून गवती काड्यांच्या चटईसारख्या साच्यावर एकेक ताव उचलत, ताव भिंतीवर वाळवत, त्याला पिठाची खळ देत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे दाबून घासून त्यावर चकाकी आणत. कागद स्वतःच टाकाऊ मालातून जन्माला येत होता, तरी एका तावामागे इतके श्रम असल्यामुळे तो दरबार, सावकारी पेढी आणि पोथ्या लिहिणारे यांच्यापलीकडे फारसा जात नसे. पेशवे दफ्तरातील लक्षावधी कागद रुमालांत, म्हणजे कापडाच्या चौकोनी बासनांत, बांधून राहिले. अशा कागदाची कात्रीने नक्षी कापून तो दारावर टांगण्याची चैन सामान्य घराला परवडणे शक्य नव्हते. सणाच्या सजावटीला आंब्याची पाने, केळीचे खुंट, झेंडूची फुले आणि रांगोळी होती, आणि ती पुरेशी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. बंगालमध्ये टिटागढ आणि पुण्याजवळ मुंढवा येथे १८८०च्या दशकात यंत्रावर कागद बनू लागला, विलायती कागदाचे गठ्ठे मुंबई बंदरात उतरू लागले, आणि त्याच सुमारास मराठी मुद्रणाचाही विस्तार झाला. निर्णयसागर छापखाना १८६९ साली, तर ‘केसरी’ १८८१ साली सुरू झाला. वर्तमानपत्र घरात येऊ लागले की आठवड्याभरात त्याची रद्दी होते, ही आज क्षुल्लक वाटणारी घटना घरगुती हस्तकलेच्या दृष्टीने फार मोठी होती. वाण्याच्या दुकानातली पुडी, फडताळात अंथरलेला कागद आणि वहीचे वेष्टण हे सगळे तिच्यातून निघाले. मात्र स्वस्त झाला तरी कागद अजून जपण्याजोगा होता. एका बाजूने लिहिलेल्या आणि दुसऱ्या बाजूने कोऱ्या असलेल्या कागदाला मराठीत पाठकोरा म्हणतात, आणि अशा कागदांची शिवलेली वही शाळकरी मुलांच्या हाती देणे ही कित्येक पिढ्यांची रीत होती. आलेली पाकिटे उलगडून त्यांच्या आतल्या बाजूवर लिहिण्याची गांधीजींची सवय सर्वश्रुत आहे. मराठी मध्यमवर्गाला तिच्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कागदावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा या काटकसरीला सक्तीचीही जोड मिळाली.

रद्दीचा सर्वांत टिकाऊ उपयोग खेड्यांतील स्त्रियांनी शोधला, आणि हस्तकलेच्या पुस्तकांत त्याला फारच कमी जागा मिळाली आहे, ही खेदाची गोष्ट आहे. रद्दीचे बारीक तुकडे दोनतीन दिवस पाण्यात भिजवून उखळात कुटत, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळत आणि हा लगदा उपड्या घातलेल्या घागरीवर किंवा पातेल्यावर सारख्या जाडीने थापत. मेथी वाटल्यावर बुळबुळीत चिकट होते, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही. शिवाय तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही असा अनुभव असे. थर उन्हात खडखडीत वाळला की तो भांड्यावरून अलगद सुटे आणि धान्य, डाळी, सुकवलेल्या शेवया किंवा पापड ठेवायला हलकी, जाड अंगाची टोपली तयार होई. हाच लगदा बांबूच्या सुपांना आणि टोपल्यांना लिंपला की त्यांच्या विणीतल्या फटी बुजत, बारीक दाणा गळेनासा होई आणि जुने सूप आणखी काही वर्षे चाले. ज्या घरात लिहिणारे कोणी नव्हते तिथेही छापील कागद अशा रीतीने कामाला आला. त्या टोपल्यांच्या पृष्ठभागावर अधूनमधून एखादे अक्षर दिसत असे. बाईने ते मुद्दाम ठेवलेले नसे आणि पुसण्याचीही तिला गरज वाटत नसे.

नगरांतील कागदकामाचा ओढा टिकाऊपणापेक्षा शोभेकडे होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली, तेव्हा अनेक घरांतील स्त्रियांनी ती नुसती चौकटीत बसवली नाहीत, तर देवीच्या छापील लुगड्यावर खरे कापड चिकटवले, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवले, काठावर जर लावली. छापखान्याने हजारोंनी काढलेल्या प्रतींतील एक प्रत अशा हातकामामुळे त्या घराची स्वतःची होत असे. रुखवत, म्हणजे लग्नात वधूपक्षाने मांडायच्या वस्तूंचा सोहळा, हे याच कौशल्याचे मोठे प्रदर्शन ठरले आणि फराळाच्या ताटांशेजारी पुठ्ठ्याची घरे, सोनेरी कागदाचे कलश, लोकरीची व फितीची फुले मांडली जाऊ लागली. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला लागणारे हलव्याचे दागिने याच घराण्यातले; तिळाभोवती किंवा खसखशीभोवती साखरेच्या पाकाचे थर चढवून काटेरी केलेला हलवा दोऱ्यात गुंफून किंवा पुठ्ठ्यावर बसवून मुकुट, बाजूबंद, हार आणि बासरी घडवताना पाठीमागे सोनेरी कागद आणि बांधायला फीत लागतेच.

या सर्वांत आकाशकंदिलाचा इतिहास अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात धर्मशास्त्र, बांबूकाम, कागद आणि वीज अशा चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. कार्तिक महिन्यात उंच खांबावर पितरांसाठी किंवा देवासाठी दिवा लावण्याचा विधी ‘धर्मसिंधु’सारख्या (१७९०) निबंधग्रंथांत येतो; निबंध म्हणजे येथे व्रते, तिथी आणि आचार यांचे नियम एकत्र करणारा ग्रंथ. त्या विधीला आकाशदीप म्हणतात आणि गोव्यात आजही कंदिलाला आकाशदिवो हेच नाव आहे. परंतु विधीला दिवा हवा असतो, रंगीत कागद नव्हे. वाऱ्यापासून ज्योत झाकणाऱ्या आवरणाला रंग आणि आकार यांचे स्वातंत्र्य मिळाले ते पातळ, प्रकाश आरपार जाऊ देणारा पतंगी कागद बाजारात सहज मिळू लागल्यावर.

सांगाड्याचे कसब मात्र आधीपासून येथे होते. मोहरमचे ताबूत, म्हणजे हुसेन यांच्या मकबऱ्याच्या प्रतिकृती, बांबूच्या कामट्यांवर रंगीत कागद आणि बेगड (कथलाचा चकचकीत पातळ पत्रा) चढवूनच उभारत, आणि १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होण्यापूर्वी पुण्यासारख्या शहरांत हिंदूही त्या मिरवणुकांत मोठ्या संख्येने सामील होत. कामटीला बाक देणे, सांधा दोऱ्याने आवळणे, कागद ताणून चिकटवणे ही हातोटी ताबूत, पतंग आणि कंदील या तिन्हींत एकच आहे. दिवाळीच्या कंदिलाचे मूळ सांगताना मोहरमच्या कारागिरीचा उल्लेख टाळणे हे इतिहासाशी प्रामाणिक राहणे नव्हे.

घरी होणाऱ्या कंदिलाचा सर्वांत रूढ आकार वरवर साधा, पण भूमितीच्या दृष्टीने विलक्षण आहे. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घेऊन त्यांचे सहा चौकोन बांधतात आणि या चौकोनांचे कोपरे एकमेकांना अशा रीतीने जोडतात की प्रत्येक सांध्यावर दोन चौकोन भेटतात; असे बारा सांधे झाले की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी एकही जादा काडी लागत नाही. हा रिकामा सांगाडा हातात घेतला तर तो पिळवटतो, कारण चौकोनाला स्वतःचा ताठरपणा नसतो. म्हणून काही जण चौकोनात तिरकी कामटी घालत, परंतु बहुतेक घरांत हे काम कागदावरच सोपवले जाई: खळीने चिकटवलेला कागद वाळताना आक्रसतो, चौकोन ताणून धरतो आणि डळमळणारा सांगाडा ताठ उभा राहतो. खळ म्हणजे मैद्याची किंवा कणकेची पातळ शिजवलेली पेज. झुरळे आणि उंदीर लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालत, आणि मोरचूद विषारी असल्याने ते भांडे स्वयंपाकघरात परत येणार नाही याची घरातली मोठी माणसे काळजी घेत. त्यानंतर कडांवर करंज्या, म्हणजे दुमडून फुगवलेल्या कागदाच्या पट्ट्या, बसत. कागदाच्या अनेक घड्या घालून कात्रीने कापलेली जाळीदार झालर वर लागे आणि खाली लांब शेपट्या सोडल्या जात.

विजेचा दिवा आला तेव्हा या वस्तूचे आयुष्य खऱ्या अर्थाने बदलले. पणती किंवा मेणबत्ती असताना कंदील पेट घेण्याची धास्ती असे, राखणीला माणूस लागे आणि कागद ज्योतीपासून दूर राहील इतका मोठा सांगाडा करावा लागे. होल्डर आणि वायर आल्यावर तो रात्रभर निर्धास्त टांगता येऊ लागला आणि लहानही करता येऊ लागला. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींमध्ये या सोयीने एका सुंदर प्रथेला वाव दिला: सगळ्या बिऱ्हाडांनी एकाच आकाराचे आणि रंगाचे कंदील लावायचे, ते चाळीतल्या मुलांनी गच्चीवर किंवा जिन्याखाली बसून एकत्र करायचे आणि खर्च वर्गणीतून भागवायचा. एकसारखे अनेक कंदील करण्याचे हे काम हौसेतून हंगामी धंद्यात कधी शिरले ते रेघ मारून दाखवता येणार नाही, पण माहीमची कंदील गल्ली हे त्या धंद्याचे सर्वपरिचित ठिकाण आहे. गोव्यात याच कामट्या आणि हाच कागद महिन्या-दीड महिन्याने नाताळच्या पाचकोनी ताऱ्यासाठी पुन्हा बाहेर निघतात.

शाळांनी या कामाला वेगळी प्रतिष्ठा दिली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीत कागदाच्या घड्यांना महत्त्वाचे स्थान होते आणि तिच्यापासून स्फूर्ती घेऊन मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात मात्र सर्वांत मूलगामी काम ताराबाई मोडक यांचे म्हटले पाहिजे. माँटेसरी पद्धतीची साधने महाग आणि परदेशी असल्याचे ओळखून त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७पासून कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, अनुताई वाघ यांच्या साथीने, शिंपले, बिया, पाने, खडे, चिंध्या अशा हाताशी असलेल्या वस्तूंपासून शिक्षणसाधने उभी केली. टाकाऊ वस्तूचा उपयोग ही तोवर गृहिणीची काटकसर होती. ताराबाईंनी ती शिक्षणशास्त्राचा विचार म्हणून मांडली, आणि पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी कचऱ्यातून केलेली विज्ञानखेळणी त्याच वाटेवरची आहेत.

थर्मोकोलने या साऱ्याला मोठा धक्का दिला. गरम तारेने लोण्यासारखा कापला जाणारा, वजनाला नगण्य आणि रंगाला पांढराशुभ्र असा हा पदार्थ गणपतीच्या मखरासाठी इतका सोयीचा ठरला की पुठ्ठा, घोटीव कागद आणि कापड मागे पडले. प्लास्टिकच्या घडीच्या कंदिलांनी तेच दिवाळीत केले. कागद आता जपण्याजोगा उरला नव्हता, आणि जपला न गेल्याने कामालाही येईना. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, तेव्हापासून पुठ्ठ्याची मखरे बाजारात परतली आहेत आणि त्यांचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु ही मखरे आणि बरेचसे नवे कंदील यंत्राने कापलेल्या सुट्या भागांच्या रूपाने येतात. खाच खाचेत बसवली की वस्तू उभी राहते. साहित्य परत आले, कामटीच्या बाराव्या सांध्याला आवळून गाठ मारण्याचे कसब मात्र त्याबरोबर आलेले नाही, आणि ते शिकवू शकतील अशी माणसे आता बहुतेक घरांत आजी-आजोबांच्या वयाची आहेत.