शहापूर-मुरबाडची सहल : सहलीची बस की लोकल-एसटी?

पावसाळा स्थिरावला की मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील रहिवाशांची पावले शहापूर व मुरबाड तालुक्यांकडे वळू लागतात. माहुलीचा किल्ला, माळशेज घाट, नाणेघाट, गोरखगड ही ठिकाणे एका दिवसात पाहून परतता येण्याजोगी आहेत. याच सुमारास खासगी आयोजकांच्या सहलींच्या जाहिरातीही सुरू होतात. सकाळी घराजवळून बसमध्ये बसावे, नाश्ता-जेवणाची चिंता नसावी आणि रात्री घरी पोहोचावे, असा हा सरळ व्यवहार असतो. दुसरीकडे लोकल आणि एसटीने तेथे जाणे बरेच स्वस्त पडते. मात्र केवळ खर्चाची तुलना करून निर्णय घेणे पुरेसे नाही. ठिकाण रेल्वेपासून किती दूर आहे आणि तेथून परतीची गाडी केव्हा मिळते, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

शहापूर : लोकल सोयीची

कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. या मार्गावरील वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी आणि कसारा ही स्थानके शहापूर तालुक्यात आहेत. शहापूर गावासाठी आसनगावला उतरावे लागते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून आसनगाव सुमारे ८५ किलोमीटर असून लोकलला साधारण दोन तास लागतात. स्थानकाबाहेर शहापूरकडे जाणाऱ्या रिक्षा मिळतात.

माहुली हा ठाणे जिल्ह्यातील एक उंच किल्ला. १६३६ मध्ये शहाजीराजांनी मोगल व आदिलशाही फौजांपुढे येथेच अखेरचा तग धरला होता. पायथ्याचे माहुली गाव आसनगावहून पाच-सहा किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरासाठी मुंबईहून बसने जाण्यात फारसे हशील नाही. सुट्टीच्या दिवशी मुंबई-नाशिक महामार्गावर, विशेषतः माजिवडा ते वडपे या पट्ट्यात, कोंडी झाली की बसचा वेळ रस्त्यातच जातो. लोकलला ही अडचण येत नाही. शहापूरजवळचे मानस मंदिर पाहण्यासाठीही लोकल आणि रिक्षा पुरेशी आहे. रविवारी निघण्यापूर्वी मध्य रेल्वेच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक मात्र जरूर पाहावे. कल्याणच्या पुढे गाड्यांची संख्या कमी होत जाते, त्यामुळे एक लोकल चुकली तर बराच काळ थांबावे लागते.

मुरबाड : एसटीवरच भिस्त

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणपर्यंत लोकलने येऊन पुढचे सुमारे ३० किलोमीटर एसटीने जावे लागते. कल्याणहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी असा माळशेज घाटाकडे जातो. जुन्नर, आळेफाटा आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या बाजूच्या लांब पल्ल्याच्या गाड्या याच रस्त्याने धावतात.

नाणेघाटाची वाट वैशाखऱ्याच्या पुढे महामार्गालगतच सुरू होते. वाहकाला आधी सांगून ठेवले तर तेथे उतरता येते. सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेखाच्या लेण्यापर्यंत चढून त्याच वाटेने खाली येणाऱ्यांना एसटी सोयीची आहे. चढून जुन्नरच्या बाजूने उतरणाऱ्यांनाही तीच बरी, कारण आणलेल्या वाहनासाठी पुन्हा मागे यावे लागत नाही.

माळशेज घाटाची गोष्ट वेगळी आहे. पाहण्यासारख्या जागा घाटरस्त्यावर काही किलोमीटरच्या अंतरात विखुरलेल्या आहेत आणि एसटी प्रत्येक ठिकाणी थांबत नाही. परतीची गाडी दुरून भरून येते. धुक्यात, वळणावर, वृद्ध आणि मुलांना घेऊन तिची वाट पाहणे धोक्याचे ठरते. माळशेजला कुटुंबासह जायचे असल्यास सहलीची बस किंवा भाड्याचे वाहन हाच शहाणपणाचा पर्याय होय.

मुक्कामी गाडीचा घोळ

गोरखगडासाठी मुरबाडहून म्हसामार्गे देहरी गाठावे लागते. अशा आतल्या गावांना दिवसातून मोजक्याच फेऱ्या असतात. शहरातील पर्यटकाची हमखास फसगत होते ती येथे. संध्याकाळी गावात शिरणारी एसटी पुष्कळदा मुक्कामाची असते. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे विद्यार्थी व कामावर जाणाऱ्यांना घेऊन निघते. ‘शेवटची गाडी सातला आहे’ असे कोणी सांगितले तर ती येणारी की जाणारी, हे विचारून घ्यावे. वेळ आगाराच्या चौकशी खिडकीवर विचारावी आणि उतरताना वाहकाकडून पक्की करून घ्यावी. शहापूर व मुरबाड या दोन्ही ठिकाणी एसटीची आगारे आहेत. कल्याणला गाडी नेमकी कोणत्या थांब्यावरून सुटते, याचीही आधी चौकशी करावी.

खर्चाचे गणित

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मेच भाडे पडते, तर ७५ वर्षांवरील नागरिकांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे. त्यासाठी वयाचा पुरावा जवळ हवा. आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबात पूर्ण भाडे देणारा एखादाच उरतो. खासगी सहलीत प्रत्येकी एकच दर असतो, पण त्यात जेवण आणि स्थानिक फिरणे धरलेले असते. तुलना करताना रिक्षाचे भाडे आणि जेवणाचा खर्च एसटीच्या बाजूला मिळवावा.

मोठ्या गटासाठी तिसरा मार्गही आहे. एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर संपूर्ण गाडी भाड्याने देते. गृहनिर्माण संस्था, मंडळे आणि शाळांना हा पर्याय उपयोगी पडतो. शालेय सहलींना त्यात सवलतही मिळते.

आरक्षणापूर्वी विचारावे

खासगी सहलीचे पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्याव्यात. प्रत्यक्ष ठिकाणी किती तास मिळणार, जेवण कोठे, गाडीचा परवाना व विमा चालू आहे का, आणि घाट बंद झाल्यास पैसे परत मिळणार का? पावसाळ्यात माळशेजमध्ये दरडी कोसळून वाहतूक थांबते. धबधबे आणि धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन वेळोवेळी प्रतिबंधात्मक आदेशही काढते. आयोजकाने पैसे घेतले म्हणून हे आदेश शिथिल होत नाहीत.

थोडक्यात, शहापूर तालुक्यातील स्थानकांजवळच्या ठिकाणांसाठी लोकल, नाणेघाटाच्या पदभ्रमणासाठी एसटी आणि कुटुंबासह माळशेजसाठी सहलीची बस, अशी विभागणी सोयीची ठरते. गोरखगडासारख्या आतल्या ठिकाणी परतीच्या गाडीची वेळ पक्की झाल्याशिवाय एसटीने जाऊ नये. ती जमत नसल्यास मुरबाडहूनच जाण्या-येण्याचे वाहन ठरवून घ्यावे.