मिलर (म्यूलर)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक बहुप्रचलित आडनाव. ‘म्यूलर’ या मूळ जर्मन आडनावाचा अर्थ गिरणीवाला, म्हणजे पाणचक्कीवर किंवा पवनचक्कीवर धान्य दळून देणारा. मध्ययुगात जवळजवळ प्रत्येक परिसरात गिरणी असे. त्यामुळे आडनावे स्थिर होताना हे व्यवसायनाम सर्वत्र रुजले. आजही ते जर्मनीतील सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे.

पेनसिल्व्हेनियात १६८३ मध्ये जर्मनटाउन ही वसाहत स्थापन झाली आणि अठराव्या शतकात ऱ्हाइनकाठच्या पॅलॅटिनेट प्रदेशातून मोठे स्थलांतर झाले. ‘म्यूलर’मधील पहिला स्वर इंग्रजीत नाही, उलट उच्चाराने जवळचे व अर्थाने समान असे ‘मिलर’ हे इंग्रजी आडनाव तयारच होते. त्यामुळे नोंदींत व व्यवहारात तेच रूढ झाले. फिलाडेल्फियाचा मुद्रक योहान हाइन्रिख म्यूलर हा हेन्री मिलर झाला. मात्र त्याचे वृत्तपत्र जर्मनच राहिले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाल्याची वार्ता ५ जुलै १७७६ रोजी प्रथम त्यानेच छापली. पहिल्या महायुद्धकाळात (१९१७–१८) जर्मनविरोधी भावनेमुळे अशा नामांतरास अधिक चालना मिळाली.

२०१० च्या जनगणनेत सु. ११.६ लक्ष व्यक्तींचे हे आडनाव असून त्याचा क्रमांक सातवा होता. ओहायओतील जर्मनभाषी आमिश पंथीयांतही ते विपुल आहे. तथापि इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेले मिलरही अनेक असल्याने केवळ आडनावावरून कुळाचे मूळ ठरविता येत नाही.