मुंबईची हरवलेली खानावळ

मुंबईंत आज काय खावयास मिळत नाहीं, असा प्रश्न विचारणें प्रथमदर्शनीं वेडगळपणाचें वाटेल. जपानची मासळी, इटलीचा पिझ्झा, लखनौची बिर्याणी हीं सारीं ज्या शहरांत तासाभराच्या आंत दारीं येऊन पोंचतात, त्या शहरास उणें तें कशाचें? पण आमच्या ओळखीच्या मंडळींत हा विषय निघाला म्हणजे तक्रारीचा सूर बहुधा एकच असतो. वऱ्हाडांतून नोकरीसाठीं आलेला तरुण, एकटे राहिलेले सेवानिवृत्त गृहस्थ, परीक्षेकरितां आलेली मुलगी यांपैकीं कोणासही रोज दोन वेळां बसून जेवतां येईल, खिसा रिता होणार नाहीं आणि पोटही बिघडणार नाहीं, अशी जागा सहसा सांपडत नाहीं. मराठी पाट्यांचीं उपाहारगृहें आहेत. पण तेथें मिसळ, साबुदाण्याचा वडा, थालीपीठ, पीयूष. हे सारे मधल्या वेळचे पदार्थ. भाकरी, पालेभाजी, आमटी, भात असें जें आपल्या घरचें साधें जेवण, तें मात्र एक तर सणावारच्या महागड्या थाळींत सजून येतें किंवा येतच नाहीं. थोडक्यांत, मंडळींना हवी आहे ती खानावळ; आणि ती तर याच शहरांत एके काळीं गल्लोगल्लीं होती!

ती कोठून आली हें पाहिलें म्हणजे ती कां गेली हें समजूं लागतें. सन 1854 मध्यें कावसजी दावर यांनीं सुताच्या गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनीं ती गिरणी ताडदेव येथें चालू झाली. पुढें परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुराड्यांचें रानच उभें राहिलें. कोंकण, सातारा, पुणें, नगर या जिल्ह्यांतून माणसें आलीं तीं बहुतेक पुरुष. बायकामुलें गांवीं शेतीपाशीं राहिलीं. 1921 च्या खानेसुमारींत मुंबईंत दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें 525 च भरल्या. चाळीच्या एका खोलींत दहा-पंधरा माणसें पाळीपाळीनें निजत. अशा माणसांनीं जेवावें कोठें? ज्या थोड्या घरांत बाई होती, त्या घरानें त्यांच्यापुढें ताट ठेवलें.

ही खानावळ म्हणजे दुकान नव्हे. दहा बाय बाराची खोली, तिच्या एका कोपऱ्यांत चूल, आणि चुलीपुढें पहांटे चारपासून बसलेली एक बाई. ती बहुधा विधवा असे, किंवा जिचा नवरा बेकार वा आजारी अशी. माणसें ठरलेलीं, पंगती पाळ्यांप्रमाणें, आणि पैसे महिन्याच्या पगाराला. खाडे धरावे कीं न धरावे यावरून वाद होत. गांवीं गेलेल्या माणसाची बाकी कधीं बुडेही. तोंवर वाण्याची उधारी आणि सावकाराचें व्याज ती बाई सोशी. संप झाला म्हणजे जेवणारांना पगार नसे, पण त्यांचें जेवण तोडणें तिच्या जिवावर येई. म्हणजे संपाचा कांहीं भार तिच्या चुलीवरही पडे. गिरणी-कामगारांचा इतिहास लिहितांना या उधारीचा हिशेब फारसा कोणीं मांडलेला नाहीं. आमच्या विनोदी लेखकांनीं मात्र खानावळीच्या पातळ आमटीवर मनसोक्त हात मारून घेतला आहे.

खानावळीचें सारेंच गोड होतें असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. ती गांवाची होती, तशीच जातीचीही होती. कोंकण्याला कोंकण्याचा भात आणि घांटावरच्याला बाजरीची भाकरी मिळे, ही त्यांतली सोय. परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्या पंगतींत पाट नसे, हें त्याच सोयीचें दुसरें अंग. या बाबतींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यापुढें यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या इराण्यांनीं नाक्यानाक्यावर मांडलेल्या संगमरवरी टेबलांचे उपकार मुंबईवर मोठे आहेत. कोणीही यावें, पैसे टाकावे, ब्रून-मस्का खावा आणि एका चहावर तासभर वर्तमानपत्र वाचावें! 1950 सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें 15 व्या कलमांत उपाहारगृहांचा नांवानिशीं उल्लेख करून भेदाभेदाला मनाई केली. ज्यांना पूर्वीच्या पंगतींची आठवण आहे, त्यांना तो उल्लेख क्षुल्लक वाटणार नाहीं. मात्र इराण्याकडे रोजचें जेवण जेवावें असें मराठी माणसाच्या मनांत फारसें आलें नाहीं.

मग प्रश्न असा, कीं ज्या काळांत उडपी मंडळींचा व्यवसाय फोंफावला, त्याच काळांत आमची खानावळ कां वाढली नाहीं? ए. रामा नायक यांनीं 1942 सालीं माटुंग्यास श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें. केळीच्या पानावरचें तें जेवण पुढें नांवारूपास आलें. मराठी माणसाला धंदा जमत नाहीं, हें ठरलेलें उत्तर आम्हांस पटत नाहीं. दादरचें मामा काणे यांचें उपाहारगृह 1910 सालचें. तेव्हां जमत नव्हतें असें कसें म्हणावें? आमच्या मतें खरा फरक मालकीचा आहे. उडप्याच्या हॉटेलांत भांडीं घासणारा मुलगा वाढपी होई, वाढप्याचा आचारी, आणि नशीब असेल तर आचाऱ्याचा मालक. त्याच्यामागें दुकानाची जागा, परवाना, नात्यागोत्यांतलें भांडवल असे. खानावळवालीजवळ यांतलें कांहींच नव्हतें. खोली भाड्याची, तीही बहुधा नवऱ्याच्या नांवावर. पाटी नाहीं, परवाना नाहीं, आणि जेवणारे गेले कीं मागें उरायला भांड्यांशिवाय कांहीं नाहीं. तिच्या कष्टाला कोणी धंदा म्हटलेंच नाहीं. मग तो वाढणार कसा?

हें ज्यांनीं ओळखलें त्यांत प्रेमा पुरव यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. गोवामुक्तीच्या लढ्यांतून आलेल्या या बाईंनीं 1975 सालीं खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें आणि राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांचें कर्ज त्यांच्या हातीं पडेल अशी खटपट केली. सावकाराच्या तावडींतून बाई सुटली, ती कर्जदार म्हणून कां होईना, कागदावर स्वतःच्या नांवानें उभी राहिली. पण सात वर्षांत जेवणाराच नाहींसा होऊं लागला. 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. त्यांतले पुष्कळजण परत गिरणींत गेलेच नाहींत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माणसें गांवीं गेलीं, आणि त्यांच्यामागून चुली विझल्या.

सरकारनेंही मधून मधून ताट मांडून पाहिलें. 1995 सालीं एक रुपयांत झुणका-भाकर देणारीं केंद्रें निघालीं. थोड्याच काळांत त्यांतल्या कित्येकांत झुणक्याऐवजीं भलतेच पदार्थ विकले जाऊं लागले, कारण एक रुपयांत भाकरी परवडेना आणि रस्त्याकडेची जागा मात्र मोलाची होती. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. भुकेल्याला तिचा आधार झाला हें खरें. परंतु अनुदानावर चालणारें केंद्र आणि ओळखीच्या माणसाची खानावळ या दोन निराळ्या वस्तु आहेत. एकींत पोट भरतें; दुसरींत, दोन दिवस आला नाहींस तर कोठें होतास, असें कोणी विचारतें.

लोअर परळच्या फीनिक्स गिरणीच्या आवारांत आतां मोठा बाजार आहे आणि तेथें अनेक देशांचें जेवण मिळतें. तेथून दादरकडे चालत निघालें तर जुन्या इमारतींच्या जिन्यापाशीं ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी हातानें रंगविलेली पाटी अजून एखादे वेळीं दृष्टीस पडते. वर जाऊन चौकशी करावी तर बाई म्हणतात, ‘‘डबा मिळेल हो, पण बसून जेवायला जागा नाहीं.’’