देवी बाई, बंदीही बायकांनाच

आज जाऊया जपानला, क्यूशूच्या उत्तर किनाऱ्यावर. फुकुओका प्रांतातलं मुनाकाता ताइशा हे देवस्थान एक, पण मंदिरं तीन. एक किनाऱ्याजवळ, दुसरं ओशिमा बेटावर आणि तिसरं भर समुद्रात, सुमारे 60 किलोमीटर आत, ओकिनोशिमा बेटावर. प्रत्येक ठिकाणी एकेक बहीण. सूर्यदेवी आमातेरासूने भावाची, सुसानोओची, तलवार मोडून चावली आणि तिच्या श्वासाच्या धुक्यातून या तिघी जन्मल्या, अशी कथा. काम दिलं समुद्रमार्ग राखायचं. त्यातली इचिकिशिमाहिमे पुढे बेंझाइतेनशी एकरूप झाली. बेंझाइतेन म्हणजे बौद्ध धर्मासोबत तिकडे पोचलेली आपली सरस्वती!

कोरियाची वाट याच समुद्रातून. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून नवव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओकिनोशिमाच्या प्रचंड खडकांपाशी वस्तू वाहिल्या जायच्या. 1954 ते 1971 दरम्यान उत्खनन झालं. त्याला पाठबळ दिलं तेल उद्योजक इदेमित्सु साझो यांनी, ते मूळचे मुनाकाताचेच. सापडलं काय? आरसे, मणी, कोरियातल्या सिला राज्याच्या घडणीची सोन्याची अंगठी, अगदी इराणी काचेच्या वाडग्याचे तुकडे. एकूण सुमारे 80,000 वस्तू!

एवढं सगळं टिकलं कसं? बेटाचे नियम कडक. पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. गवताची काडीसुद्धा न्यायची नाही. पाय ठेवण्याआधी विवस्त्र होऊन समुद्रात स्नान. आणि बायकांना प्रवेश नाही. देवी तागोरिहिमेच्या बेटावर!

‘बंदीमुळेच ठेवा वाचला’ असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. वस्तू वाचल्या त्या ‘काहीही न्यायचं नाही’ या नियमामुळे आणि बेट लांब असल्यामुळे. न्यायला मनाई सगळ्यांनाच होती ना? मग बायकांना अडवून जास्तीचं काय वाचलं? दोन वेगळे नियम आपण एकाच गाठोड्यात बांधतो.

पुरुषांनाही मोकळं रान नव्हतं म्हणा. 1905 च्या त्सुशिमाच्या आरमारी लढाईच्या स्मरणार्थ दरवर्षी 27 मे रोजी सुमारे 200 पुरुषांना जाऊ द्यायचे. 2017 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली आणि 2018 पासून तेही थांबलं. आता पुजारी आळीपाळीने तिथे राहतात. स्त्रियांवरची बंदी मात्र कायम.

ओशिमाच्या किनाऱ्यावर दुरून दर्शनासाठी एक छोटं देवालय आहे. तिथे कुणीही जाऊ शकतं, बायकासुद्धा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर ओकिनोशिमा दिसतं. आणि शरदातल्या उत्सवात तागोरिहिमे स्वतःच बेट सोडून निघते. 1 ऑक्टोबरला मच्छीमार होड्यांचा मोठा ताफा बहिणींना किनाऱ्यावर आणतो.